माप कोणाचे घ्यावयाचे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, वकील आहेत. त्यांच्यासमोर आम्ही काय सांगावे? परंतु चिटणीसांनी आग्रह सोडला नाही आणि आमच्याही मनात एक गोष्ट काही दिवस सलत होती. ती आपल्या माणसांपुढे सांगितल्यावाचून मन हलके होणार नाही, असे वाटल्यावरून आम्ही उभे राहिलो आहोत.

आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्यांची नावे वाचली जात असताना आमच्या ध्यानात आले की, त्यांतील कित्येक मुलेमुली परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील साहाय्यक किंवा डॉक्टर होण्याच्या वाटेवर आहेत. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी सुई, कात्री व खडू हेच विद्येचे साहित्य होते, त्या घरांतून ही मंडळी निघाली आहेत. याचा आनंद आपणां सर्वांस आहे व तो यथार्थ आहे. परंतु हाताने काम करणाऱ्याच्या देहाला जे भोगावे लागते, ते सुई सुटली म्हणून सुटत नाही. ते केवळ रूप बदलते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. पोटाची तपासणी दुर्बिणीने करणाऱ्या, म्हणजे ज्याला आपण एन्डोस्कोपी म्हणतो त्या विभागात राबणाऱ्या माणसांच्या हातापायांचे, मानेचे व पाठीचे काय होते, आणि त्याबाबत त्यांच्या घरच्या मंडळींचे कर्तव्य काय, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

हा विषय आम्हांस कसा सुचला, ते आधी सांगितले पाहिजे. 2024 सालच्या पावसाळ्यात आमचे पोट बिघडले. जळजळ थांबेना, म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करण्यास सांगितले. आमची पुतणी वैशाली ही पुण्यातील एका रुग्णालयात त्याच विभागात परिचारिका आहे व नोकरीनिमित्त आमच्याच घरी राहते. तिच्याच ओळखीने दिवस ठरला. घशात बधिर करणारे औषध फवारले, दातांत प्लॅस्टिकची कडी बसविली आणि आम्हांस डाव्या कुशीवर निजविले. आम्हांस गुंगीचे औषध नको होते, त्यामुळे आम्ही पूर्ण शुद्धीवर होतो. तपासणी काही मिनिटांतच आटोपली. आमच्या पोटात विशेष काही निघाले नाही, हे ऐकून आपणांस बरे वाटेल.

परंतु शिक्षकाचे डोळे स्वस्थ बसत नाहीत. आम्ही निजल्या जागेवरून पाहत होतो. डॉक्टरसाहेब आमच्याकडे तोंड करून उभे होते, पण चित्र दाखविणारा पडदा होता त्यांच्या उजव्या खांद्यामागे. म्हणजे धड एकीकडे व मान दुसरीकडे. डावा हात छातीशी उचललेला, त्यात दुर्बिणीची मूठ आणि अंगठा सारखा चाकावर फिरत असलेला. वैशाली आमची हनुवटी धरून वाकून उभी होती. बाहेर बाकावर आमच्यासारखे आणखी कितीतरी रोगी बसलेले होते. आमची काही मिनिटे संपली. त्यांचा दिवस तर नुकताच सुरू झाला होता.

त्याच सायंकाळी घरी आमच्या सौभाग्यवतींनी वैशालीस लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडून देण्यास सांगितले. ते तिला उघडेना. तिने दुसऱ्या हाताने खटपट केली व तोंड फिरविले. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, “काका, अंगठा दुखतो. काही नाही, होईल बरा.” किती दिवस दुखतो असे विचारता कळले की, चार महिने होऊन गेले आहेत.

आता येथे आमची चूक सांगावयाची आहे. आम्ही तिला काय सांगितले? आम्ही म्हणालो, “बाळ, काम म्हटले की दुखणे आलेच. तुझ्या आजोबांनी पन्नास वर्षे कात्री चालविली, कधी हूं की चूं केले नाही. सोसण्याची सवय करावी.” हे बोलताना आम्हांस फार मोठे तत्त्वज्ञान सांगितल्यासारखे वाटले. वैशाली गप्प बसली आणि उठून कणीक मळावयास गेली.

आमच्या वडिलांचे बार्शीस शिलाईचे छोटे दुकान होते. आपल्यापैकी वृद्ध मंडळींस असे दुकान डोळ्यांपुढे सहज येईल. लाकडी पाट, कोळशाची इस्त्री, पायाने चालवावयाचे यंत्र आणि भिंतीला लटकविलेले कागदी नमुने. लग्नसराईत वडील पहाटेपासून रात्री अकरापर्यंत मान खाली घालून बसत. शाळेत जाण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून त्या चिंधीच्या गादीवर टोचून ठेवणे हे आम्हां भावंडांचे काम होते, कारण चाळिशी उलटल्यावर त्यांना दोरा ओवता येत नसे. वडिलांचे निधन झाल्यावर आईने आम्हांस एक गोष्ट सांगितली. शेवटची पंधरा वर्षे ते रात्री निजताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ओली पट्टी घट्ट बांधीत आणि पहाटे कोणी उठण्यापूर्वी ती सोडून टाकीत. शिंप्याचा हात गेला असे गावात पसरले तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती! ज्यांनी हूं की चूं केले नाही असे आम्ही अभिमानाने सांगत होतो, ते मुकाट्याने विव्हळत होते आणि आम्हां मुलांस त्याचा पत्ताही नव्हता. ही हकीकत ठाऊक असूनही आम्ही त्यांचाच दाखला वैशालीस दिला. असो.

पुढे दोन महिन्यांनी एके दिवशी ती कामावरून लवकर परतली. दुर्बीण धुताना तिच्या हातातून ब्रश निसटला होता व तो तिला पुन्हा धरता येईना. तेव्हा मात्र आम्ही तिच्याबरोबर अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सांगितलेले, वैशालीने समजावून दिलेले व नंतर आम्ही स्वतः वाचलेले असे जे थोडेबहुत ज्ञान आम्हांस लाभले, ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे उपकरण समजून घेऊ. वाकणारी दुर्बीण ही फार जुनी वस्तू नव्हे. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंची जुडी केली असता तिच्यातून प्रकाश व चित्र वळणावळणाने नेता येते, असे लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स व त्यांचे शिष्य नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली दाखवून दिले. हे कपानी मूळचे पंजाबातील मोगा गावचे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्या तत्त्वावर बेसिल हिर्शोवित्झ या डॉक्टरांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात 1957 साली जठर पाहण्याची वाकणारी दुर्बीण सिद्ध केली व ती आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली. पुढे 1983 च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकाशीच इवलासा कॅमेरा बसविण्याची युक्ती निघाली आणि चित्र पडद्यावर दिसू लागले. तोपर्यंत डॉक्टरांना एक डोळा नळीच्या तोंडाशी लावून, मान वाकवून तासन्‌तास उभे राहावे लागे. पडद्याने ती मान सरळ केली खरी, पण पडदा योग्य जागी ठेवला तरच!

उपकरणाचे तीन भाग ध्यानात घ्यावे. जठराच्या दुर्बिणीची नळी सुमारे एक मीटर लांब असते आणि मोठ्या आतड्याची त्याहून बरीच लांब, दीड मीटरच्या पुढे. नळीच्या वरच्या टोकाला मूठ असते व ती डाव्या हातात धरतात. मुठीवर एकावर एक अशी दोन चाके असतात. मोठे चाक फिरविले की नळीचे टोक वर-खाली वळते, धाकटे फिरविले की डावी-उजवीकडे. ही चाके मुख्यतः डाव्या अंगठ्याने फिरवावयाची. त्याच हाताच्या बोटांनी हवा, पाणी व शोषण यांच्या कळा दाबावयाच्या. उजव्या हाताने नळी पुढे ढकलावयाची, मागे ओढावयाची व पिळावयाची. इतकी वर्षे झाली, पण या मुठीची मूळ रचना फारशी बदललेली नाही. आणि मुख्य गोष्ट ही की, मूठ साधारणतः एकाच मापाची येते. सहा फूट उंचीच्या पुरुषाच्या पंजाला तीच आणि पाच फूट उंचीच्या मुलीच्या पंजालाही तीच. लहान पंजाचा अंगठा त्या चाकापर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक वेळी ताणावा लागतो.

हे झाले डॉक्टरांचे. परिचारिका व तंत्रज्ञ यांचे कष्ट निराळे असतात व ते सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत. मोठ्या आतड्याची तपासणी चालू असता नळी आत वेटोळे घेते आणि पुढे सरकेनाशी होते. तेव्हा परिचारिकेने रोग्याच्या पोटावर हात ठेवून, वाकून, योग्य जागी दाब धरावयाचा असतो. तो कधी कधी बराच वेळ तसाच धरून ठेवावा लागतो. गुंगीतील रोगी स्वतः हलू शकत नाही. त्याला कुशीवर वळविणे, पाठीवर घेणे, एका खाटेवरून दुसरीवर सरकविणे हे काम यांचेच. पित्तनलिकेच्या तपासणीत क्ष-किरणांचा उपयोग करतात. तेव्हा खोलीतील सर्वांनी शिशाचा जड डगला अंगात घालून उभे राहावयाचे, आणि त्याचा सारा भार खांद्यांवर व कमरेवर पडतो. तपासणी संपली की दुर्बीण धुण्याचे काम. ती नाजूक व महाग वस्तू, तिच्या आतील बारीक पोकळ्यांतून लांब ब्रश पुनःपुन्हा घालून काढावयाचा, पिचकारीने पाणी व औषध सोडावयाचे, आणि हे सर्व ज्या मोरीवर करावयाचे ती मोरी बहुधा कोणाच्याच उंचीला जुळणारी नसते. पुढच्या रोग्याला मागच्या रोग्याचा संसर्ग होऊ नये, यासाठी या धुण्यात कुचराई करून चालत नाही. तेव्हा आमच्या घशात उतरलेली स्वच्छ नळी ही कोणाच्या तरी मनगटाची कमाई होती, हे आम्हांस नंतर उमगले.

आता दुखते ते का? अंगठा बाहेर ओढणाऱ्या व उघडणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, मनगटाच्या बाजूला एका अरुंद म्यानातून जातात. अंगठ्याची तीच ती हालचाल जोर लावून सारखी केली की म्यानाचे अस्तर जाड होते, वाट अरुंद होते आणि दोरी घासू लागते. स्विस शस्त्रवैद्य फ्रित्झ द केरव्हाँ यांनी 1895 साली या विकाराचे वर्णन केले व त्यांचेच नाव त्याला मिळाले आहे. तान्ह्या मुलाला सारखे उचलणाऱ्या मातांनाही हा विकार होतो, हे येथील भगिनींपैकी काहींस ठाऊक असेल. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या अंगठ्यावरचा जोर यंत्राने मोजला. तेव्हा अंगठ्याच्या चिमटीवरचा कमाल जोर दहा न्यूटनच्या, म्हणजे सुमारे एक किलो वजनाच्या, पुढे जात असल्याचे आढळले. एक किलो म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. पण चिमटीत एक किलो धरून दिवसभर काम करून पाहावे, म्हणजे कळेल.

मानेचेही तसेच. मनुष्याचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते मणक्यावर सरळ तोललेले असेल तर भार जाणवत नाही. तेच पुढे झुकविले किंवा एका बाजूस वळवून धरले, तर मागच्या स्नायूंना ते दोरीने ओढून धरल्यासारखे धरावे लागते. पाठीचा न्यायही हाच.

हे दुखणे एकट्यादुकट्याचे आहे काय? 2021 साली अमेरिकेतील जठर-आतड्याच्या तज्ज्ञांच्या एका संस्थेच्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर देणाऱ्यांपैकी चारांत सुमारे तिघांनी या कामामुळे दुखापत झाल्याचे सांगितले, आणि दुखणाऱ्या अवयवांत अंगठा, मान, बोटे व कंबर यांचे नाव पुढे होते. जे डॉक्टर आहेत, ज्यांना आपल्या दुखण्याचे नाव ठाऊक आहे, त्यांची ही स्थिती. मग दुखण्याचे नावच ठाऊक नसलेल्या मदतनिसाची काय असेल, हे आपणच ताडावे.

येथे थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण त्याचा आपल्या व्यवसायाशी थेट संबंध आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य इटलीत होऊन गेले. त्यांचा जन्म 1633 सालचा. निरनिराळ्या धंद्यांतील लोकांना कोणकोणते रोग होतात, यावर त्यांनी 1700 साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विषयावरील तो आद्य ग्रंथ मानतात. रोग्याला जे प्रश्न विचारण्याची जुनी परंपरा होती, त्यांत त्यांनी आणखी एका प्रश्नाची भर घातली: तू धंदा कोणता करतोस? या ग्रंथात शिंप्यांचाही विचार आहे, हे वाचून आम्ही चकित झालो. मांडी घालून, वाकून शिवत बसल्याने शिंप्यांचे पाय बधिर होतात, कंबर धरते, चाल लंगडी होते, असे त्यांनी लिहिले आहे. चर्मकार व शिंपी यांच्या संघांची सणाच्या दिवशी दोघादोघांच्या रांगेने मिरवणूक निघते, तेव्हा ती वाकलेली, खांदे गोलावलेली, लंगडणारी माणसे कशी दिसतात, याचेही वर्णन त्यांनी केले आहे. तीन शतकांपूर्वीची, सातासमुद्रांपलीकडची ती मिरवणूक वाचताना आम्हांस आपल्याच मंडळाची जुनी मिरवणूक आठवली. आमच्या वडिलांची चाल आठवली.

शरीरशास्त्राने तर आपल्या धंद्याची आठवण प्रत्येक मनुष्याच्या मांडीत कोरून ठेवली आहे. कमरेपासून गुडघ्याच्या आतील बाजूपर्यंत तिरका जाणारा जो स्नायू आहे, मानवी देहातील सर्वांत लांब, त्याला सार्टोरियस म्हणतात. लॅटिन भाषेत सार्टर म्हणजे शिंपी. शिंप्यासारखी मांडी घालून बसण्यास तो उपयोगी पडतो, म्हणून हे नाव.

काम व माणूस यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. ग्रीक भाषेत एर्गॉन म्हणजे काम व नॉमॉस म्हणजे नियम. पोलंडमधील एका विद्वानाने हा शब्द 1857 साली वापरला होता. पुढे ब्रिटनमध्ये 1949 साली तो नव्याने रूढ झाला व त्या विषयाची संस्थाही तेथे स्थापन झाली. नाव जड आहे, पण अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक दुकानात आले की शिंपी काय करतो? टेप काढतो आणि माप घेतो. सदरा तयार आहे, तुझे खांदे त्यात बसतील इतके छाटून घे, असे कोणी शिंपी म्हणतो काय? कोणी म्हटले तर त्याला आपण वेडा म्हणू. पण कारखान्यात, कचेरीत, रुग्णालयात नेमके हेच चालते. हत्यार एका मापाचे, खाट एका उंचीची, पडदा भिंतीवर जेथे खिळा होता तेथे. आणि माणसाने आपली मान, मनगट व कंबर त्याप्रमाणे वाकवून घ्यावी! या शास्त्राचे सार एवढेच की, माप माणसाचे घ्यावे व काम त्या मापाचे बेतावे.

याचे उपाय फार खर्चाचे नाहीत, हे विशेष ध्यानात ठेवावे. अमेरिकन सोसायटी फॉर गॅस्ट्रोइंटेस्टायनल एन्डोस्कोपी या संस्थेने 2023 साली याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा आशय असा: पडदा काम करणाऱ्याच्या अगदी समोर, नजरेच्या किंचित खाली असावा, खाटेची उंची कमीजास्त करता यावी व ती कोपराच्या सुमारास ठेवावी, कामात मधूनमधून क्षणभराचा विसावा घ्यावा आणि ठराविक वेळाने मोठा विसावा ठरवूनच द्यावा, उभे राहण्याच्या जागी मऊ चटई अंथरावी, आणि हे सर्व शिकाऊ अवस्थेतच पद्धतशीर शिकवावे. यांत असे काय आहे, जे चांगल्या शिंप्याला ठाऊक नव्हते? तोही पाट आपल्या बेताचा ठेवी, उजेड डावीकडून येईल असा बसे, बोटाला अंगुस्तान घाली. बोटाला सुई टोचते म्हणून बोट निबर करा, असे न म्हणता ज्याने पहिले अंगुस्तान घडविले, तोच या शास्त्राचा आद्य पंडित म्हणावा.

आता वैशालीचे पुढे काय झाले, ते सांगतो. तज्ज्ञांनी अंगठ्याला आधारपट्टी दिली व सहा आठवडे विश्रांती सांगितली. तिने विभागातील वरिष्ठांना सांगितले, तेव्हा पहिले उत्तर मिळाले की, येथे सर्वांचेच दुखते. आम्हांस राग आला. पण राग गिळून विचार केला, तर आम्हीही वेगळे काय बोललो होतो? वैशालीने मात्र धीर सोडला नाही. तिने आपल्या दुखण्याची तारीखवार नोंद ठेवली. कोणत्या दिवशी किती दुर्बिणी धुतल्या, केव्हा कळ आली, केव्हा थांबली. ती वही व डॉक्टरांचा कागद तिने पुढे ठेवला. हळूहळू काही गोष्टी बदलल्या. धुण्याचे काम एकीकडेच न ठेवता पाळीपाळीने वाटले गेले. मोरीपाशी उभे राहण्यास एक लाकडी पाट आला. पडदा फिरता करून डॉक्टरांच्या समोर आणला गेला. खर्च झाला असेल तो पाटाचा व एका फिरत्या दांडीचा. सगळे झाले असे नाही. रोग्यांची रांग तेवढीच आहे व माणसेही तेवढीच.

परंतु तिचा अंगठा सहा आठवड्यांत बरा झाला नाही, आणि याचे कारण रुग्णालयात नव्हते. ते आमच्या घरी होते. तज्ज्ञांनी तिला विचारले, “विश्रांती घेता ना?” ती म्हणाली, “कामावर घेते.” त्यांनी विचारले, “आणि घरी?” तिने आमच्याकडे पाहिले नाही. आम्ही मात्र मान खाली घातली. सकाळी कणीक मळणे, पोळ्या लाटणे, रविवारी चादरी पिळणे ही सारी कामे ती पट्टी काढून करीत होती आणि आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. नोकरीच्या ठिकाणी जे तिचे माप घेत नव्हते, त्यांच्यावर आम्ही रागावलो होतो. पण घरात तिचे माप कोणी घेतले होते? त्या दिवसापासून कणीक आम्ही मळतो. पहिल्या आठवड्यात पोळ्या कशा झाल्या, हे विचारू नये. सौभाग्यवती येथे बसल्या आहेत, त्या हसत आहेत. परंतु पुढील दोन महिन्यांत अंगठा उतरला, सुई टोचण्याची वेळ आली ती एकदाच, आणि शस्त्रक्रिया टळली.

मंडळींनो, यावरून चार गोष्टी आपणांस नम्रपणे सुचवितो.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही ज्या कामाचे शिक्षण घ्याल, त्या कामाने शरीराचा कोणता भाग झिजतो, हे पहिल्या वर्षीच विचारून घ्या. उभे कसे राहावे, उचलावे कसे, हे शिकणे ही नाजूकपणाची निशाणी नव्हे. तो विद्येचाच भाग आहे. दुखू लागले तर दोन आठवड्यांच्या आत सांगा. चार महिने थांबू नका.

आईवडिलांनो, मुलगा वा मुलगी कामावरून आल्यावर पगार किती झाला हे विचारता, तसे हात कसा आहे, हेही विचारा. सून रुग्णालयात दिवसभर उभी असेल, तर तिच्या घरकामाचा वाटा कोणी उचलावयाचा, हे ठरवून टाका. पट्टी बांधून कणीक मळली जात नाही.

आपल्यातील जे डॉक्टर आहेत, जे रुग्णालये चालवितात, त्यांना आमची विनंती आहे की, यंत्र विकत घेताना जी चौकशी करता, तीच यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचीही करा. आपला स्वतःचा अंगठाही त्याच चाकावर आहे.

आणि मंडळाला सूचना अशी. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून मोठ्या आजारांस मदत मिळते, ते योग्यच आहे. त्यांत कामामुळे आलेल्या हाता-पाठीच्या दुखण्याच्या उपचारांचाही समावेश व्हावा, आणि पुढील संमेलनात एखाद्या भौतिकोपचार तज्ज्ञास पाचारण करावे. त्यांनी परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या भगिनी व संगणकापाशी बसणारे तरुण या सर्वांस अर्धा तास मार्गदर्शन करावे. पहिल्या वर्षाच्या खर्चापोटी आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आम्ही आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत. रक्कम लहान आहे, ती गोड मानून घ्यावी.

वडिलांचे पितळी अंगुस्तान आमच्यापाशी आहे. इतकी वर्षे ते देवघराच्या खणात ठेवून आम्ही त्यांच्या सोशिकतेला नमस्कार करीत आलो. आता ते हातात घेतले की निराळाच विचार मनात येतो. त्यांच्या बोटाची काळजी घेणारी एक वस्तू तरी त्यांच्यापाशी होती. अंगठ्याची काळजी घेण्यास आम्ही होतो, पण त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वैशालीच्या बाबतीत ती चूक अर्धीच झाली, कारण तिने सांगितले. आपल्या घरांत ती मुळीच होऊ नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.